फुग्यावरची धूसर रेषा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्लास्टिकची पिशवी आपण रोज हातात धरतो, पण ती तयार होताना फार थोड्यांनी पाहिली असेल. उल्हासनगरच्या गाळ्यांमधून अशा पिशव्या वर्षानुवर्षं निघत आल्या. यंत्राच्या एका टोकाला नरसाळ्यात पांढरा दाणा ओततात. आतल्या तापलेल्या नळकांड्यात एक लांब स्क्रू फिरत असतो. तो दाण्याला वितळवत वितळवत पुढे ढकलतो. पुढे गोल फट असलेला साचा असतो. त्यातून वितळलेलं प्लास्टिक नळीसारखं वर येतं, आत हवा भरली की नळीचा फुगा होतो आणि हा फुगा न थांबता छताकडे चढत राहतो. वर दोन रुळांमध्ये तो चपटा होतो, गुंडाळला जातो. मग कापायचा, तळ चिकटवायचा, की झाली पिशवी.

या फुग्याकडे जरा निरखून पाहिलं, तर एक गंमत दिसते. साच्यातून निघताना तो काचेसारखा स्वच्छ असतो. थोडं वर गेल्यावर, एका ठराविक उंचीवर, त्याच्याभोवती कंकणासारखी रेषा पडलेली असते आणि तिच्या वरचा सगळा भाग दुधाळ, धूसर असतो. फुगा सारखा वर सरकतो आहे, पण रेषा जागची हलत नाही. या धंद्यात तिला ‘फ्रॉस्ट लाइन’ म्हणतात. दहिवराची रेषा म्हणा हवं तर. दहिवर मात्र तिथे नसतं. त्या उंचीवर प्लास्टिक पुरेसं थंड झालेलं असतं आणि त्याच्या आत स्फटिक तयार व्हायला लागलेले असतात, एवढाच तिचा अर्थ.

मीठ, साखर, तुरटी यांचे स्फटिक आपल्याला ठाऊक असतात. पण लवचीक, मऊ पिशवीत स्फटिक? रसायनशास्त्रज्ञांनाही हे पचवायला बरीच वर्षं लागली. ती हकिकत सांगताना मी उल्हासनगरचा हात सोडणार नाही, कारण या शास्त्राचे दोन वेगवेगळे अध्याय त्या एकाच गावाच्या वेशीवर एकमेकांना भेटले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची एक छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये आसरा दिला गेला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पाच कॅम्प मात्र तसेच राहिले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना आधी कॅम्पचा आकडा सांगतो. शेती नाही, नोकऱ्या नाहीत. तेव्हा पापड, लोणची, मिठाई, कापड, फर्निचर, जे विकता येईल ते या लोकांनी बनवलं. असल्या धंद्याला एक गोष्ट हमखास लागते, ती म्हणजे वेष्टन.

त्याच गावाच्या एका टोकाला, कॅम्प नंबर एकला लागून, शहाडला १९५६ साली सेंच्युरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला. (२०१८ पासून तो चालवण्याचे हक्क ग्रासिम कंपनीकडे आहेत.) पलीकडे मोहोन्याला नॅशनल रेयॉनचा कारखाना होता, तो २००९ साली बंद पडला आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न पुढे अनेक वर्षं रेंगाळत राहिला. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजचा धागा. सेल्युलोज ही एक लांबलचक साखळी असते. असे साखळीदार पदार्थ म्हणजेच पॉलिमर. आपल्या विश्वकोशानं त्यांना ‘बहुवारिक’ असं नाव दिलं आहे. सेल्युलोजची अडचण ही, की ते वितळत नाही. तापवलं तर आधी करपतं. मग धागा काढायचा कसा? १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा इंग्रजांनी त्यावर तोड काढली. लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया करून मधासारखा पाक करायचा, तो बारीक छिद्रांमधून आम्लाच्या हौदात सोडायचा, की पुन्हा सेल्युलोज हाती येतं, पण आता धाग्याच्या रूपात.

त्याची किंमत कामगारांच्या शरीरानं मोजली. कार्बन डायसल्फाइडच्या वाफा मज्जातंतूंवर परिणाम करतात, हे युरोप-अमेरिकेतल्या रेयॉन गिरण्यांच्या अनुभवातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पुरेसं स्पष्ट झालं होतं. हे रसायन पेटही पटकन घेतं. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या कारखान्यात एका टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले, तेव्हा कॅम्प एकच्या घरांनाही हादरा बसला. रेयॉनचा इतिहास बहुतेक वेळा रेशमाच्या झळाळीसाठी सांगितला जातो. ही दुसरी बाजूही त्यातलीच आहे.

शास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय, तर अशा धाग्यांवर क्ष-किरण टाकल्यावर १९२०च्या दशकात एक कोडं पडलं. फिल्मवर ठळक ठिपकेही उमटत आणि त्यांच्यामागे धुक्यासारखा पुसट पट्टाही. ठिपके म्हणजे शिस्त, म्हणजेच स्फटिक. पुसट पट्टा म्हणजे बेशिस्त. एकाच धाग्यात दोन्ही कसं? हर्मान श्टाउडिंगर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ १९२० पासून सांगत होते, की हे पदार्थ म्हणजे हजारो अणूंच्या अखंड साखळ्या आहेत. भल्याभल्यांनी त्यांना वेड्यात काढलं. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९५३ साली श्टाउडिंगरना नोबेल मिळालं, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते.

साखळी मान्य झाल्यावर १९३०च्या सुमारास एक चित्र पुढे आलं. उकडलेल्या शेवयांचा गोळा डोळ्यांसमोर आणा. मधेच कुठे कुठे दहा-वीस शेवया शेजारी शेजारी सरळ पडलेल्या आहेत, ते स्फटिक. बाकीचा सगळा गुंता. एकच शेवई एका जुडीतून निघून, गुंत्यातून वाट काढत दुसऱ्या जुडीत शिरते. हे चित्र सोपं होतं, पटण्यासारखं होतं आणि पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षं सगळ्यांनी ते धरून ठेवलं.

दरम्यान पिशवीचा कच्चा माल सापडला. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीच्या विनिंग्टन इथल्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. अपेक्षित होतं ते झालं नाहीच, पण भांड्याच्या आत मेणासारखा पांढरा थर मिळाला. पुन्हा प्रयोग केले तर कधी काहीच नाही, कधी स्फोट. १९३५च्या अखेरीस मायकेल पेरिन यांच्या गटाला तो पदार्थ पुरेसा मिळाला आणि मग उमगलं, की गळतीमुळे आलेल्या किंचित प्राणवायूचा त्यात हात होता. हे पॉलिथीन. त्याचं कारखान्यातलं उत्पादन १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झालं, ज्या दिवशी हिटलरनं पोलंडवर चाल केली त्याच दिवशी. युद्धात ते रडारच्या तारांवरचं आवरण म्हणून खपलं. त्याच वर्षी आयसीआयमधल्याच चार्ल्स बन यांनी पॉलिथीनच्या स्फटिकात साखळ्या कशा रचलेल्या असतात हे क्ष-किरणांनी शोधून काढलं. नागमोडी, ताठ साखळ्या, एकमेकींना खेटून. म्हणजे मेणचट, लवचीक अशा या पदार्थातही मिठाइतकीच नेटकी रचना होती.

आता स्वयंपाकघरात येऊ. घरी कढवलेलं तूप बरणीत ओतून तसंच ओट्यावर ठेवलं, तर सकाळी ते रवाळ होतं. घाईनं थंड पेटीत ठेवलं, तर रवा न धरता गुळगुळीत थिजतं. तूप तेच. फरक फक्त थंड होण्याच्या वेगाचा. सावकाश थंड होताना मोजक्याच ठिकाणी स्फटिकाचं बीज पडतं आणि प्रत्येक बीजाला वाढायला अवसर मिळतो, म्हणून दाणे मोठे. झटकन थंड केलं, तर एकाच वेळी असंख्य बिया पडतात आणि कुणालाच मोठं होता येत नाही. प्लास्टिकचंही हेच. वितळणबिंदूला पोचल्याबरोबर ते गोठत नाही. त्याच्या बरंच खाली यावं लागतं, मग बी पडतं. बीपासून साखळ्यांचे पापुद्रे चहूबाजूंनी फुटत जातात आणि झेंडूच्या फुलासारखा गोल दाणा तयार होतो. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली अशा प्रत्येक दाण्यावर काळी फुली दिसते. फार देखणं दृश्य असतं ते. हे दाणे प्रकाशाच्या लहरीहून मोठे झाले, की त्यांच्यावरून आणि त्यांनी खडबडीत केलेल्या पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो. फुग्यावरची रेषा धूसर दिसते ती त्यामुळे.

तूप आणि प्लास्टिक यांत एक मोठा फरक मात्र आहे. तुपाचा रेणू आखूड. तो आपल्या जागी जाऊन सहज बसतो. प्लास्टिकची साखळी केवढी? वीस हजार कार्बन अणूंची एक साखळी सरळ ताणली, तर ती सुमारे अडीच मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याला नगण्य वाटेल, पण बाजारातल्या सगळ्यात पातळ पिशवीची जाडीच दहा-एक मायक्रॉन असायची. म्हणजे चार साखळ्या टोकाला टोक लावून उभ्या केल्या, की पिशवी आरपार झाली. अशी लांब साखळी, ती शेजारच्या हजारो साखळ्यांत गुंतलेली, आणि थंड व्हायला वेळ मिळतो काही सेकंदांचा. तेवढ्यात ती नीट ओळीत बसणार कशी?

उत्तर १९५७ साली ब्रिस्टलहून आलं. अँड्रू केलर हा हंगेरियन तरुण १९४८ साली आपला देश सोडून इंग्लंडला आला होता. सिंधमधली माणसं कल्याणच्या बराकींमध्ये भांडी मांडत होती, तोच हा काळ. केलर आधी आयसीआयमध्ये होते, मग ब्रिस्टल विद्यापीठात चार्ल्स फ्रँक यांच्या विभागात आले. त्यांनी पॉलिथीन झायलीनमध्ये अगदी पातळ विरघळवलं आणि हळूहळू थंड होऊ दिलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शंकरपाळ्याच्या आकाराचे चपटे स्फटिक दिसले. त्यांची जाडी सुमारे दहा नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा शंभरावा भाग. आणि साखळ्या मात्र या पापुद्र्याच्या जाडीच्या दिशेनं उभ्या! दहा नॅनोमीटर उंचीच्या खोलीत त्याच्या कित्येक पट लांबीची साखळी उभी आहे, तर ती वर जाऊन वळत असली पाहिजे, खाली येऊन पुन्हा वळत असली पाहिजे. नऊवारीच्या निऱ्या घालतात तशी. आपल्या अडीच मायक्रॉनच्या साखळीला अशा अडीचशे निऱ्या घालाव्या लागतील. त्याच वर्षी टिल आणि फिशर या दोघांनीही स्वतंत्रपणे असे स्फटिक मिळवले होते, पण साखळीची घडी पडते हे ठामपणे म्हटलं ते केलर यांनी. खरं तर १९३८ मध्येच अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या स्टॉर्क्स यांनी गटापर्च्याबद्दल हेच सुचवलं होतं. कुणी लक्ष दिलं नाही. शेवयांचं चित्र फारच सोयीचं होतं ना!

निऱ्यांची कल्पनाही सुखासुखी मान्य झाली नाही. पॉल फ्लोरी यांच्यासारखा दिग्गज विरोधात उभा राहिला. त्यांचं म्हणणं असं, की पातळ द्रावणातलं सोडा. वितळलेल्या गुंत्यातून स्फटिक बनतो तेव्हा साखळी शेजारच्याच जागी वळून येत नाही, ती कुठूनही निघते आणि कुठेही शिरते, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या वायरींसारखी. हा वाद जवळजवळ वीस वर्षं चालला. १९७९ साली केंब्रिजच्या एका परिषदेत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि तिथली चकमक या क्षेत्रातले लोक अजून सांगतात. माझ्या मते दोघेही आपापल्या पदार्थाविषयी बरोबर होते. सावकाश, सुटसुटीत द्रावणात निऱ्या नीट पडतात. कारखान्यातल्या फुग्यात, जिथे सेकंदांचा हिशेब आहे, तिथे काही निऱ्या पडतात, काही साखळ्या अर्ध्यातून निसटून शेजारच्या पापुद्र्यात घुसतात, काही गुंत्यातच राहतात. आणि नेमक्या या निसटलेल्या, दोन पापुद्र्यांना बांधणाऱ्या साखळ्यांमुळे पिशवी टिकाऊ होते. सगळं प्लास्टिक अगदी नेटकं गोठलं असतं, तर ते मेणबत्तीसारखं मोडलं असतं.

याचा पुरावा तुमच्या बोटांवर असतो. बाजारातून कांदे-बटाटे आणताना पातळ पिशवीचा बंद हळूहळू ताणला जातो, त्याची दोरी होते, ती बोटात रुतते, पण तुटत नाही. त्या बंदात निऱ्या सुटत असतात. पापुद्रे फाटून साखळ्या ओझ्याच्या दिशेनं सरळ होतात, आणि सरळ झालेली साखळी फार बळकट असते. १९३० साली अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीत ज्युलियन हिल यांना आपल्या नव्या पॉलिमरचा धागा ताणल्यावर तो असाच मजबूत होताना दिसला होता. पुढे नायलॉनचा मोजा त्याच वाटेनं आला.

आता पुन्हा फुग्याकडे. आयसीआयच्या पॉलिथीनच्या साखळीला जागोजागी फांद्या असतात. फांदी असलेली साखळी निरीत नीट बसत नाही, म्हणून त्यात जेमतेम निम्मा भाग स्फटिक होतो. हे एलडी: मऊ, आवाज न करणारं, ११० अंशांच्या आसपास वितळणारं. १९५३ साली जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबावर बिनफांद्यांची, सरळ साखळी बनवली. तिच्यात साठ ते ऐंशी टक्के भाग स्फटिक होतो, वितळायला १३० अंश लागतात. तिच्या अति लांब साखळ्यांच्या जातीला आपल्या बाजारात ‘एचएम’ म्हणतात. भाजीवाल्याची कुरकुर वाजणारी पिशवी ती हीच. यंत्रावरही दोघांचा स्वभाव वेगळा. एलडीचा फुगा साच्यातून निघाल्याबरोबर फुलतो. एचएमचा आधी सोटासारखा सरळ वर जातो आणि मग एकदम फुलतो. त्याची धूसर रेषाही बरीच उंचावर पडते. कारागीर साच्याभोवतीच्या कड्यातून थंड हवा कमी-जास्त करतो आणि रेषा वर-खाली हलवतो. रेषा वर गेली तर दाणे मोठे होतात, चमक जाते. फार खाली आणली तर साखळ्यांना आडवं ताणायला वेळच मिळत नाही आणि पिशवी उभी चिरते. केलर आणि फ्लोरी यांनी ज्यावर वाद घातला, ते हा माणूस डोळ्यांनी पाहून हातानं जुळवत असतो. त्याचं नाव कुठल्याही इतिहासात नाही.

तिसरं भावंड पॉलिप्रॉपिलीन, इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांचं, १९५४ सालचं. झीग्लर आणि नाट्टा यांना १९६३चं नोबेल विभागून मिळालं. पीपी हवेवर गार होऊ दिलं, तर मोठाले दाणे धरून ते धुरकट होतं. पण साडी, शर्ट, पापड, फरसाण विकणाऱ्याला आतला माल दिसायला हवा असतो. म्हणून पीपीचा फुगा खाली सोडतात आणि तो पाण्याच्या कड्यातून नेऊन झटक्यात थंड करतात. दाणे वाढायला अवधीच मिळत नाही. काचेसारखी पिशवी तयार. धंद्यात याला ‘टीक्यू’ म्हणतात. उल्हासनगरच्या पापडाच्या आणि कापडाच्या दुकानांतली ती चकचकीत पिशवी म्हणजे थंड पेटीत घाईनं ठेवलेलं तूपच.

भारतात पॉलिथीनचं उत्पादन १९५९ साली बंगालमधल्या रिश्रा इथे सुरू झालं, तेही अल्कोहोलपासून काढलेल्या इथिलीनमधून. आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८च्या सुमारास नोसिल आणि पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज उभ्या राहिल्या आणि सरळ साखळीचा दाणा हाकेच्या अंतरावर बनू लागला. पीपी १९७८ पासून बडोद्याला. कच्चा माल जवळ, गिऱ्हाईक जवळ, भांडवल थोडं, जागा एका गाळ्याची. उल्हासनगरसारख्या गावात हा धंदा न रुजता तरच नवल.

आणि इथेच एक वळण आहे, जे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एचएममध्ये स्फटिक जास्त, म्हणून ते बळकट. बळकट म्हणून ते पातळ काढता येतं. पातळ म्हणून स्वस्त. आठ इंच बाय बारा इंचांची, दहा मायक्रॉनची पिशवी जेमतेम सव्वा ग्रॅमची भरते. किलोभर व्हायला साडेआठशेच्या आसपास पिशव्या वेचाव्या लागतात. भंगार वेचणाऱ्या बाईनं त्या का वेचाव्यात? पन्नास मायक्रॉनची असेल तर पावणेदोनशे पुरतात. म्हणजे ज्या गुणानं पिशवी स्वस्त झाली, त्याच गुणानं ती कचऱ्यात अनाथ झाली. शिवाय बाजारातली पॉलिथीनं पाण्याहून हलकी. म्हणून ती बुडत नाही, नाल्यातून तरंगत जाते आणि जाळीपाशी अडते. अंबरनाथचं शिलाहारांचं शिवमंदिर १०६० सालचं. ज्या वालधुनीच्या काठी ते उभं आहे, तिच्याच पात्रातून पुढे उल्हासनगरकडे या पिशव्या वाहत आल्या.

केंद्राच्या १९९९च्या नियमांनी किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; मुंबई बुडाली आणि उल्हास नदीनं बदलापूर-कल्याण परिसरही बुडवला. तुंबलेल्या नाल्यांचं खापर पिशवीवर फुटलं. ते निम्मंच खरं होतं, नदीपात्रातली बांधकामं काही पिशव्यांनी केली नव्हती. तरी २००६च्या राज्याच्या नियमांनी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ आणि आठ बाय बारापेक्षा लहान पिशव्या बंद केल्या. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात जवळजवळ संपूर्ण बंदी अंमलात आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर किमान जाडी १२० मायक्रॉन झाली. उल्हासनगरच्या गाळ्यांवर छापे पडत राहिले, माल जप्त होत राहिला, यंत्रं दुसऱ्या गाळ्यात जात राहिली. गाळ्यातल्या चार-सहा माणसांच्या पोटाचं काय, हा प्रश्न छाप्याच्या बातमीत सहसा नसतो. जाडी वाढवण्यामागचा वेचणारीचा हिशेब मला पटतो. पण धंदा बंद करताना कारागिराला त्याच यंत्रावर दुसरं काय काढता येईल, हे कुणी बसून सांगितलं असतं, तर बंदी अधिक टिकली असती.

वितळवून पुन्हा वापरू, हे म्हणणंही दिसतं तितकं सरळ नाही. पीपी आणि पॉलिथीन एकत्र वितळवले तरी तेलपाण्यासारखे वेगळेच राहतात आणि थंड होताना आपापले स्फटिक धरतात. दोघांच्या सीमेवर बांधणाऱ्या साखळ्या फार थोड्या. तिथेच पिशवी फाटते. कचऱ्याची काळी पिशवी तळातून का उसवते, त्याचं एक कारण हे.

उन्हात टाकलेली पिशवी कुजत नाही, पण तिचा चुरा होतो. स्फटिकी भागात प्राणवायूला शिरकाव नाही, म्हणून ऊन आणि हवा मिळून गुंत्यातल्या आणि बांधणाऱ्या साखळ्या तोडतात. तुटलेले तुकडे आखूड, मोकळे. ते काय करतात? इतकी वर्षं जमलं नव्हतं ते करतात. शेजारच्या पापुद्र्यावर जाऊन नीट ओळीत बसतात. म्हणजे कारखान्यात काही सेकंदांत अर्धवट राहिलेलं स्फटिकीभवन उन्हात वर्षभर चालू राहतं. स्फटिक वाढला की जागा आक्रसते, भेगा पडतात, आणि गच्चीवरची जुनी बादली किंवा कुंपणात अडकलेली पिशवी हात लावताच भुरभुरते. तो भुगा पुढे मातीत, पाण्यात, माशांच्या पोटात.

कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या हा आता पुढचा पर्याय म्हणून सांगितला जातो. त्यांतल्या पॉलिलॅक्टिक आम्लाची तऱ्हा उलटी. ते थंड होताना स्फटिक धरायला फार वेळ लावतं. साच्यात झटपट गार केलं तर जवळजवळ सगळंच अस्फटिकी राहतं, आणि मग साठ अंशांना मऊ पडतं. गरम चहाचा कप हातातच वाकतो. म्हणून त्यात बिया घालून, सावकाश थंड करून स्फटिक वाढवायचे प्रयत्न चालतात. मात्र स्फटिक वाढले, की जिवाणूंना तो पदार्थ खायला जास्त वेळ लागतो.